पीएसए पुन्हा वाढला, आता पुढे काय?



गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक निवृत्त शिक्षक ओपीडीत आले. वय ६८. आयुष्यभर हायस्कूलमध्ये गणित शिकवलेले. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हे लिहितो आहे. आपण त्यांना नुसते ‘सर’ म्हणू.

सरांचे प्रोस्टेटच्या कॅन्सरचे ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झाले होते. पुढे पीएसए थोडा वाढला म्हणून रेडिएशन दिले, ज्याला आपल्याकडे बरेच जण ‘शेक’ म्हणतात. त्यानंतर तीन वर्षे सगळे शांत होते. आता पीएसए पुन्हा वर निघाला होता. इतर रुग्ण रिपोर्टांची फाईल आणतात. सरांनी टेबलावर आलेखाचा कागद पसरला. त्यावर पेन्सिलीने तीन ठिपके काढले होते: ०.३, ०.६ आणि १.२. प्रत्येक दोन ठिपक्यांत पाच महिन्यांचे अंतर.

“डॉक्टर, हे चक्रवाढ व्याज आहे,” सर म्हणाले. “दर पाच महिन्यांनी दुप्पट. या हिशेबाने पाच वर्षांत हा आकडा ४,९१५ होतो. मी तीनदा करून पाहिला. आता मला सांगा, माझ्याकडे किती दिवस आहेत?”

गणित बरोबर होते. पण त्यातून सरांनी काढलेला अर्थ पूर्ण बरोबर नव्हता. तो का नव्हता, हेच आज तुम्हाला सांगायचे आहे. कारण ऑपरेशन किंवा रेडिएशननंतर पीएसए पुन्हा वाढला की बहुतेक घरांत हाच प्रश्न येतो आणि रात्रीची झोप उडते.

पीएसए वाढला म्हणजे नेमके काय झाले?

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात ते एक प्रथिन. ऑपरेशन करून पूर्ण ग्रंथी काढली की ते रक्तात जवळजवळ सापडायलाच नको. म्हणून ऑपरेशननंतर पीएसए ०.२ किंवा त्याहून जास्त आला आणि पुन्हा तपासल्यावरही तसाच आला, तर आजार परतला असे आपण म्हणतो. रेडिएशन घेतलेल्यांची ग्रंथी जागेवरच असते, त्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा असतो. उपचारानंतर पीएसए ज्या सर्वांत खालच्या आकड्यावर गेला होता, त्याच्या वर २ ने वाढला की आजार परतला असे धरतात.

हा आजार येतो कुठून? ऑपरेशनच्या आधीच काही पेशी ग्रंथीबाहेर निसटलेल्या असतात. त्या इतक्या थोड्या असतात की कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. म्हणजे बहुतेक वेळा यात सर्जनची चूक नसते आणि तुमच्या खाण्यापिण्याचीही नसते. “मी काय पाप केले,” असे विचारणाऱ्यांना मी हे पहिल्यांदा सांगतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या टप्प्यावर वाढलेला असतो तो रक्तातला आकडा. दुखत नाही, लघवीला त्रास नाही, वजन कमी होत नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने १९९९ साली अशा रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ऑपरेशननंतर पीएसए वाढलेल्या या पुरुषांना लगेच हार्मोनचे उपचार दिलेले नव्हते. तरीही पीएसए वाढल्यापासून आजार दूरवर पसरल्याचे स्कॅनमध्ये दिसेपर्यंतचा मध्य काळ आठ वर्षांचा होता. म्हणजे निम्म्या लोकांना आठ वर्षांपेक्षा जास्त अवधी मिळाला. म्हणून मी सरांना म्हणालो, “घाई करायची नाही. पण दुर्लक्षही करायचे नाही.”

आकड्यापेक्षा वेग महत्त्वाचा

सरांनी एक गोष्ट मात्र अगदी अचूक पकडली होती. पीएसए किती आहे यापेक्षा तो किती काळात दुप्पट होतो, हे जास्त महत्त्वाचे असते.

त्याच आठवड्यात ८० च्या घरातले एक आजोबा आले होते. त्यांचा पीएसए सरांपेक्षा जास्त होता, पण तो दुप्पट व्हायला दोन वर्षांहून जास्त काळ लागत होता. हृदयाला दोन स्टेंट, सोबत मधुमेह. त्यांना मी कोणतेही औषध दिले नाही. दर सहा महिन्यांनी तपासणीची तारीख तेवढी दिली. त्यांचा मुलगा नाराज झाला. “कॅन्सर आहे आणि औषध नाही?” असे त्याने दोनदा विचारले. मी त्याला सांगितले की या आजाराचा वेग पाहता आजोबांना त्रास होईल तो आधी माझ्या औषधाचा.

सरांचे उलटे होते. पाच महिन्यांत दुप्पट म्हणजे वेग जास्त. नऊ महिने किंवा त्याहून कमी काळात पीएसए दुप्पट होत असेल, तर आजार लवकर पसरण्याचा धोका मोठा मानतात. रेडिएशनचा पर्यायही वापरून झाला होता. तुमच्या बाबतीत फक्त ऑपरेशन झाले असेल आणि पीएसए नुकताच वाढू लागला असेल, तर आधी त्या जागेवर रेडिएशन देता येईल का ते विचारा, कारण तिथे आजार मुळापासून जाण्याची संधी अजून असते. सरांचा पीएसएमए पेट स्कॅन केला. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या बारीक गाठी शोधणारा हा स्कॅन आहे. त्यात कुठे काही दिसले नाही. म्हणजे नेम धरून मारण्यासारखे काही नव्हते. उरले औषध.

औषध काय करते?

प्रोस्टेटच्या कॅन्सरचे खत म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन. शिकागोचे डॉ. चार्ल्स हगिन्स कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर संशोधन करत होते. त्यांनी १९४१ साली दाखवून दिले की हे हार्मोन तोडले की माणसातला पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सरही आक्रसतो. कॅन्सर औषधाने आवरता येतो, ही त्या काळात नवी गोष्ट होती. १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले.

हे हार्मोन तोडायचे कसे? साधारण ९५ टक्के टेस्टोस्टेरॉन वृषणांत तयार होते. त्यामुळे सर्वांत जुना उपाय म्हणजे छोटे ऑपरेशन करून वृषण काढणे. ते स्वस्त आहे, एकदाच करावे लागते, आणि वारंवार इंजेक्शनला येणे जमत नाही अशा रुग्णांत आजही करतात. पण ते परत फिरवता येत नाही.

दुसरा मार्ग इंजेक्शनचा. वृषणांना हुकूम येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून, आणि तिला हुकूम येतो मेंदूतून. मेंदूतल्या त्या निरोप्याची, म्हणजे एलएचआरएच हार्मोनची रचना अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेने १९७१ साली उलगडली. त्यांनाही १९७७ साली नोबेल मिळाले. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शने त्या निरोप्याची नक्कल आहेत. गंमत अशी की ती निरोप थांबवत नाहीत, उलट निरोपांचा भडिमार करतात. दारावरची बेल कोणी दिवसरात्र वाजवत बसला तर आपण शेवटी बेलच बंद करून टाकतो ना? पिट्युटरी तेच करते.

पण बेल बंद होण्याआधी काही दिवस टेस्टोस्टेरॉन उलट वाढते. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे सोबत बायकॅल्युटामाइडसारखी गोळी देतात. “इंजेक्शन दिले आहे, मग गोळी कशाला?” या प्रश्नाचे हे उत्तर आहे. ती गोळी स्वतःच्या मनाने टाळू नका. डेगारेलिक्सचे इंजेक्शन आणि रेलुगोलिक्सची गोळी ही नवी औषधे हुकूम थेट अडवतात, त्यामुळे त्यांत ही सुरुवातीची वाढ होत नाही.

उरलेले थोडे टेस्टोस्टेरॉन मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींकडून येते, आणि कॅन्सरच्या पेशी तेवढ्यावरही तग धरायला शिकतात. त्यासाठी गोळ्यांची दुसरी फळी आहे. एन्झालुटामाइड, अपालुटामाइड आणि डॅरोलुटामाइड पेशीच्या आतले हार्मोनचे कुलूपच अडवतात, म्हणजे किल्ली असूनही दार उघडत नाही. ॲबिरॅटेरॉन सगळीकडचे उत्पादन बंद करते. ते प्रेडनिसोलोनसोबत घ्यायचे असते.

सरांसाठी महत्त्वाचा ठरला तो ‘एम्बार्क’ नावाचा अभ्यास. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. पीएसए नऊ महिन्यांच्या आत दुप्पट होणारे, पण स्कॅनमध्ये आजार पसरलेला न दिसणारे एक हजारांहून जास्त पुरुष त्यात होते. पाच वर्षांनी आजार दूरवर न पसरता हयात असलेले किती, ते पाहिले. नुसते ल्युप्रोलाइड घेणाऱ्यांत असे १०० पैकी सुमारे ७१ जण होते. ल्युप्रोलाइडसोबत एन्झालुटामाइड घेणाऱ्यांत सुमारे ८७. आणि ३७ व्या आठवड्यात पीएसए ०.२ च्या खाली असेल, तर औषध थांबवून सुट्टी द्यायची होती. दोन्ही औषधे घेणाऱ्या दहापैकी नऊ जणांना ती मिळाली.

मी सरांना म्हणालो, “सर, औषध मुद्दल फेडत नाही. व्याजाचा दर पाडते.” सर हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

या उपचाराची किंमत

इथपर्यंतचे सगळे डॉक्टर सांगतात. पुढचे सांगायला मी एका माणसाकडून शिकलो, आणि ते शिकणे त्याला महाग पडले.

साधारण बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नवीन होतो. ७० च्या पुढचे एक ऊसवाले शेतकरी, त्यांना आबा म्हणू. रेडिएशननंतर त्यांचा पीएसए झपाट्याने वाढत होता. मी तीन महिन्यांचे इंजेक्शन आणि सोबत गोळी लिहून दिली. “हे घेत राहा, पीएसए खाली येईल.” माझे बोलणे एवढेच. पीएसए खाली आलाही. मी खूश होतो.

चौथ्या इंजेक्शनला आबा आले नाहीत. बाहेर गर्दी होती, माझ्या लक्षातही आले नाही. दीड वर्षाने ते काठी टेकत आले. कंबर दुखत होती. बोन स्कॅनमध्ये आजार मणक्यात पोचलेला दिसला. मी रागावलो. “इंजेक्शन का सोडले?” आबा मान खाली घालून बसले. बोलल्या त्या काकू.

“साहेब, त्या सुईनं यांच्या अंगातून वाफा निघायच्या. रात्रीतून दोनदा सदरा बदलायचा. छाती बाईमाणसावानी झाली म्हणून पारावर बसायचं सोडलं. गोठ्यात जाऊन एकटेच रडायचे. मला म्हणाले, माझ्यात पुरुष राहिला न्हाई. औषधानं असं हुतं हे आमाला कुणी सांगितलंच न्हाई.”

सांगायचे काम माझे होते. मी रागावण्याचा हक्क त्या क्षणी गमावला.

आबांचे उपचार पुन्हा सुरू केले. पुढे ते तीन वर्षे जगले. औषध चालू राहिले असते तरी आजार पसरलाच नसता, असे मी म्हणणार नाही. पण ते औषध मध्ये बंद पडले ते माझ्या न बोलण्यामुळे, हे मला माहीत आहे. तेव्हापासून माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या असतात. हे उपचार सुरू करताना रुग्णाची बायको, मुलगा, मुलगी, कुणीतरी सोबत असल्याशिवाय मी पहिले इंजेक्शन लिहीत नाही.

म्हणून तुम्हालाही स्पष्ट सांगतो. या औषधांनी अंगातून गरम वाफा येतात आणि घाम फुटतो. इच्छा मंदावते, ताठरता जाते. थकवा येतो, मूड उतरतो, विनाकारण डोळे भरून येतात. स्नायू कमी होतात आणि पोटावर चरबी चढते. साखर आणि कोलेस्टेरॉल वाढू शकते, हृदयाचा धोका वाढू शकतो. हाडे ठिसूळ होतात. बायकॅल्युटामाइडने छाती दुखू किंवा सुजू शकते. एन्झालुटामाइडने थकवा आणि रक्तदाब वाढतो, तोल जाऊन पडण्याची भीती असते, क्वचित फिटही येऊ शकते. सगळ्यांना सगळे होत नाही. पण यातले काही झाले तर तो औषधाचा परिणाम आहे. तुमच्यातला पुरुष कुठे गेलेला नाही.

आणि यातल्या बहुतेक गोष्टींवर काहीतरी करता येते. सर्वांत उपयोगी औषध दुकानात मिळत नाही, ते म्हणजे व्यायाम. रोजचे चालणे हवेच, पण त्याबरोबर ताकदीचाही व्यायाम हवा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, इथूनही सुरुवात होते. सुरुवातीलाच हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व किती घ्यायचे ते विचारा. हाडे फारच कमजोर असतील तर वेगळी इंजेक्शने आहेत. तंबाखू बंद करा. वाफांचा त्रास असह्य झाला तर त्यावरही गोळ्या आहेत, सहन करत बसू नका.

तुम्ही काय करायचे?

पीएसए शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा, म्हणजे आकड्यांची तुलना बरोबर होते. सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा. वेग काढायला ते लागतात.

लघवीसाठी किंवा केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. प्रोस्टेट जागेवर असेल तर त्या गोळीने पीएसए साधारण निम्मा दिसतो आणि सगळ्यांचीच फसगत होते. एखादा काढा किंवा पावडर घेत असाल तर तेही लपवू नका.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा: माझा पीएसए किती महिन्यांत दुप्पट होतो आहे? आता औषध सुरू केले नाही तर काय होईल? मध्ये सुट्टी घेता येईल का? रेडिएशननंतर पीएसए वाढलेल्या रुग्णांचा मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला होता. इंजेक्शने थांबत-थांबत घेणारे रुग्ण ती सलग घेणाऱ्यांपेक्षा कमी जगले नाहीत, असे त्यात दिसले. सुट्टी सगळ्यांना देता येत नाही, पण विचारायला हरकत नाही.

खर्चाबद्दल बोलायला लाजू नका. ॲबिरॅटेरॉनसारख्या औषधांच्या जेनेरिक गोळ्या मिळतात आणि कंपनीप्रमाणे किमतीत मोठा फरक असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या उपचारातले काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. सुरू करून तीन महिन्यांत पैशांअभावी सोडावे लागेल असे औषध निवडण्यापेक्षा, शेवटपर्यंत झेपेल असे औषध डॉक्टरांशी बोलून निवडलेले बरे.

आणि औषध सोडावेसे वाटले तर सोडण्याआधी एक फोन करा. मी रागावणार नाही. कोणताही चांगला डॉक्टर रागावणार नाही.

सरांचे पुढे काय झाले?

सर दुसऱ्या दिवशी मॅडमना घेऊन आले. मी सगळा पाढा वाचला, नको ते परिणामही. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “चिडचिड करतील का हो?” मी म्हणालो, करू शकतात. “मग ती औषधाची समजायची, त्यांची नाही. एवढे कळले तरी पुरे.”

सरांनी इंजेक्शन आणि एन्झालुटामाइड सुरू केले. वाफा आल्या. एकदा भाजी मंडईत मध्येच बसावे लागले. तिसऱ्या महिन्यात त्यांचा फोन आला, “डॉक्टर, सोडावेसे वाटते आहे.” आम्ही अर्धा तास बोललो, वाफांसाठी गोळी सुरू केली आणि सर टिकले. ३७ व्या आठवड्यात पीएसए ०.२ च्या बराच खाली होता. औषध थांबवले.

मागच्या आठवड्यात सर तोच आलेखाचा कागद घेऊन आले. आधी वर चढणारी रेघ आता तळाला टेकून आडवी चालली आहे. ती पुन्हा वर जाईल हे त्यांना ठाऊक आहे, मलाही. गेली तर पुन्हा औषध सुरू करू. पुढे कधी हे औषधही पेशींना पुरून उरले नाही, तर त्यानंतरचे उपचार आहेत.

कागदाच्या उजवीकडे बरीच जागा कोरी होती. मी पाहतो आहे हे बघून सर म्हणाले, “मुद्दाम मोठा कागद घेतला आहे.”